लाइन कोणी थांबवली

क्रेट उलटा ठेवलेला होता. संत्र्यांचा पिवळा प्लास्टिकचा क्रेट. भरलेला असला की दोघींना मिळून उचलावा लागतो. त्या दिवशी तो रिकामा होता आणि माझ्यासाठी ठेवला होता.

"चढो," भैया म्हणाला. भैया म्हणजे आमचा मालक.

सकाळची मीटिंग होती. पॅकिंगच्या बायका, हमाल, मॅनेजर, गेटवरचा चौकीदारसुद्धा, सगळे गोल करून उभे. मला वाटलं, भैया गंमत करतोय. तो गंमतही करायचा, पण ती कधी संपली ते त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं नाही. मी हसले. माझं एकटीचंच हसू मला ऐकू आलं.

"हँसने वाली बात है? चढो."

मी चढले. फरशीवर फुटलेल्या संत्र्यांचा रस सांडला होता, त्यावर क्रेट सरकत होता. धरायला काही नव्हतं. मी ॲप्रनच घट्ट धरला.

"बोलो, मेरी वजह से लाइन रुकी."

"मेरी वजह से लाइन रुकी."

"जोर से. पीछे तक जाना चाहिए."

मी परत बोलले. आवाज फाटला. आता इथेच, सगळ्यांसमोर लघवी होते की काय, ही एकच भीती डोक्यात होती. लग्न झालेली, दोन लेकरांची आई, बी.एस्सी. झालेली बाई मी. आणि डोक्यात तेवढंच.

"ताली," भैया म्हणाला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझा गुन्हा सांगते. आदल्या दिवशी ब्रशच्या रोलरमध्ये एका पोरीचा हातमोजा ओढला गेला. नशीब, बोटं सुटली. मी लाइन थांबवायचं लाल बटन दाबलं, मोजा काढला, लाइन चालू केली. दिल्लीचा ट्रक थोडा उशिरा सुटला. एवढंच.

आमचं युनिट सौंसरहून रामाकोन्याच्या रस्त्याला. बागेतून संत्रा येतो, धुतला जातो, ब्रशखालून जातो, वाळतो, त्यावर मेणाचा हात फिरतो, मग रोलरवर लहानमोठा वेगळा होतो आणि खोक्यात बसतो. बाजारात तुम्ही ज्या चकचकीत संत्र्याला भुलता ना, तो आमच्या हातांखालून गेलेला असतो. मी लाइन इन्चार्ज. माझं माहेर तिगावचं, कॉलेज पांढुर्ण्याचं, सासर सौंसरचं. नवऱ्याचं तहसीलजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, ते चाललं तर चाललं. घर माझ्या पगारावर उभं होतं. ही नोकरी लागली तेव्हा सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले होते. सुनेच्या हाताखाली अख्खी लाइन आहे, असं त्या भाजीवाल्यालाही सांगायच्या.

आधी मोठे शेठ बघायचे. देवमाणूस वगैरे काही नव्हते. शिव्या द्यायचे, आईबहिणीवरून द्यायचे. पण लाइन बंद पडली तर पहिला प्रश्न असायचा, "कोनाले लागलं का?" मग त्यांची तब्येत बिघडली आणि मोठ्या शहरातून मॅनेजमेंट शिकलेला त्यांचा मुलगा आला, तोच भैया. त्याने कधी शिवी दिली नाही. त्याने आधी वरच्या मजल्यावर काचेची केबिन बांधली. तिथून आम्ही सगळ्या दिसायचो. मग मोबाइलवर ग्रुप काढला. नाव ठेवलं, 'हमारा परिवार'. आणि मग क्रेट आणला. याला तो जिम्मेदारी म्हणायचा. ज्याच्यामुळे लाइन थांबली त्याने सगळ्यांसमोर कबूल करायचं. बाकीच्यांनी टाळी वाजवून त्याचं कौतुक करायचं. कौतुक हा शब्द त्याचा.

परिवार म्हणे. कोणत्या परिवारात सुनेला टेबलावर चढवून टाळ्या पिटतात?

माझ्यानंतर बऱ्याच जणी चढल्या. हमालही चढले. ड्रायव्हर चढला, तो तर रडला. मिशीवाला उंचापुरा माणूस, क्रेटवर उभा राहून रडला, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. हळूहळू बायका आवाज न करता टाळी वाजवायला शिकल्या. तळवा तळव्याला नुसता टेकवायचा. सुनंदाताई यात पटाईत होती. ती रामाकोन्याची, माझ्याहून वयाने मोठी. हातात भरपूर हिरव्या बांगड्या असून एक बांगडी वाजू द्यायची नाही. भैयाच्या ते लक्षात आलं. "सुनंदा, मेरे को सुनाई नहीं दिया," तो हसून म्हणाला. त्या दिवसापासून ती सगळ्यात जोरात टाळी वाजवू लागली.

भीती कशी असते ते मला विचारा. गेटवर भैयाची गाडी वाजली की बोलणं तिथेच तुटायचं. माझंच नाही, सगळ्यांचंच. ग्रुपवर त्याचा मेसेज आला की खाली भराभर 'जी भैया' पडायचे. ज्याचा उशिरा पडला त्याला दुसऱ्या दिवशी विचारणा. मी न्हाणीघरातही फोन न्यायचे. एकदा लेकीला ताप होता, तिच्या कपाळावर पट्टी ठेवताना फोन वाजला. मी पट्टी सोडून आधी 'जी भैया' लिहिलं. लेक बघत होती.

आणि माणसं जाऊ लागली.

भांडून कोणीच गेलं नाही. सगळे कारण देऊन गेले. कोणाच्या बहिणीचं लग्न निघालं, कोणाला मुतखडा झाला, कोणाची सासू अचानक आजारी पडली. इतक्या सासवा एकदम आजारी पडल्या की सौंसरमध्ये साथ आली असं वाटावं. गजूभाऊ मशीन चालवायचा, मोठ्या शेठच्या वेळेपासूनचा. त्याने सांगितलं, पोरीकडे नागपूरला राहायला जातो. काही महिन्यांनी मी माहेरी जाताना पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर उतरले, तर गजूभाऊ ऑटोत बसून गिऱ्हाइकाची वाट पाहत होता.

"नागपूरले गेल्ते ना तुम्ही?" मी म्हटलं.

तो ओशाळला. मग म्हणाला, "खरं सांगतलं असतं तं क्रेटवर चढवून सांगाले लावलं असतं, बाई."

मी विचारलं, इथे बरं चाललंय का. तो म्हणाला, "पैसा कमी हाय. पन सकाळी जेवन जाऊन राहिलं."

भैयाला हे कधी कळलं नाही, कारण कळवणार कोण? तो मीटिंगमध्ये म्हणायचा, आजकल लोग टिकते नहीं, मेहनत की आदत नहीं रही. गेटवर बोर्ड लागला, माणसं पाहिजेत म्हणून. तो बोर्ड पुन्हा काढलाच नाही, उन्हाने त्याचा रंग उडाला. नव्या पोरी यायच्या, चार दिवस राहायच्या, जायच्या. ज्या राहायच्या त्यांना शिकवायला जुन्या कोणी उरल्या नव्हत्या. उरल्या होत्या आम्ही दोघीतिघी. आणि आम्ही काय शिकवायचो? एकदा सुनंदाताई एका नव्या पोरीला शिकवत होती, ते मी ऐकलं.

"ते लाल बटन दिसून राहिलं ना तुले? त्याले हात नोको लावू. काही झालं तरी नोको लावू."

"आन् काही अटकलं तं?"

"चालत्या लाइनीत काढाचं. मी काढतो ना, तसं."

खरंच तशी काढायची ती. देठ, पानं, फांदीचा तुकडा, रोलरमध्ये अडकलं की फिरत्या रोलरमधून चिमटीने उचलायची. आम्ही सगळ्याच तसं करायचो. तो आमच्या युनिटचा रिवाजच झाला होता. बाहेरच्या कोणी पाहिलं असतं तर ओरडला असता. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

वाळवणीच्या पुढे रोलर फिरवणाऱ्या साखळीवर एक जाळी होती, हात आत जाऊ नये म्हणून. तिचा बोल्ट तुटला आणि जाळी लोंबायला लागली. मग एक दिवस कोणीतरी ती काढून भिंतीला टेकवून ठेवली. मी पाहिलं, मॅनेजर साहेबांनी पाहिलं. ते मला म्हणाले, "आपको बताना चाहिए भैया को." मी म्हटलं, "सर, आपण सांगा ना." दोघेही वर केबिनकडे बघून आपापल्या कामाला लागलो. जो सांगेल त्याला पहिला प्रश्न येणार होता: तुम्हारे रहते टूटी कैसे? आणि मग क्रेट. जाळी भिंतीलाच राहिली.

ती दुपार होती. ऐन हंगाम, आंबिया बहाराचा माल, गेटबाहेर गाड्यांची रांग, लाइन जोरात. मी खोक्यांच्या बाजूला होते. मशीनचा आवाज इतका असतो की बाजूचीचं बोलणं ऐकायला कान जवळ न्यावा लागतो. तरी मला हाक ऐकू आली.

"बाई... ओ बाई..."

हळू हाक. शेजारणीकडे साखर मागायला आल्यासारखी. मी वळले. सुनंदाताई साखळीजवळ वाकलेली होती. ॲप्रनची बाही साखळीत गेली होती, आणि बाहीबरोबर हात ओढला जात होता. चेहरा पांढरा पडलेला. आणि तरी ती ओरडत नव्हती. हात मशीनमध्ये जात होता, आणि वर आवाज जाऊ नये म्हणून ती बाई मला हळू आवाजात हाका मारत होती.

आजूबाजूला चारपाच जणी होत्या. सगळ्यांना दिसत होतं. लाल बटन त्यांच्यातल्या एकीच्या हाताशी होतं. त्यांनी काय केलं? माना वर केल्या. काचेच्या केबिनकडे पाहिलं. एकजात सगळ्यांनी.

मीसुद्धा पाहिलं.

पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. पण पाहिलं. तो पडदा ओढून फोनवर बोलत असेल, त्याला काही दिसतही नसेल, पण माझी मान आधी वर गेली आणि पाय मग पुढे पडले. मी धावत जाऊन बटनावर तळहात आपटला. लाइन थांबली. एवढी शांतता मी त्या युनिटमध्ये कधी ऐकली नव्हती. मग सुनंदाताई ओरडली. लाइन थांबल्यावर ओरडली.

हात सोडवायला वेळ लागला. दोन बोटं गेली होती. मी माझी ओढणी गुंडाळली, ती लगेच भिजली. बायका रडत होत्या, तोंडात पदर घालून, आवाज न करता. भैया जिन्यावरून खाली आला. पांढरे बूट. त्याने थांबलेली लाइन पाहिली, रोलरवर साचलेला माल पाहिला. सुनंदाताई फरशीवर बसलेली होती, त्याच्यापासून हातभर. त्याने विचारलं,

"लाइन किसने रोकी?"

हे शब्द मी तुम्हाला जसेच्या तसे सांगतेय. त्यात एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही.

"मैंने," मी म्हटलं. मग आम्ही तिला मालाच्या गाडीत बसवून सौंसरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथून नागपूरला पाठवलं. गाडीत ती बेशुद्ध नव्हती. नवऱ्याला फोन लावू का विचारलं तर नको म्हणाली, ते घाबरतील म्हणाली.

घरी आले. ॲप्रनवर रक्त होतं. नवऱ्याने तो माझ्या हातून घेतला आणि बादलीत टाकला. मी जेवले नाही. मला सुनंदाताईची काळजी वाटायला हवी होती ना? वाटत होती. पण खरं सांगते, तिच्या बोटांपेक्षा जास्त मला सकाळची भीती वाटत होती. याची लाज वाटली. मग त्या लाजेवर चीड आली. या माणसाने माझ्या आत कुठपर्यंत हात घातला होता!

सकाळी क्रेट ठेवलेला होता.

मला वाटलं होतं, आज तरी नसेल. फरशी धुतलेली होती. लाइन सुरू करायला तयार होती, जाळी अजून भिंतीला. भैयाने दोन मिनिटं मौनसुद्धा पाळायला लावलं, सुनंदा की तबीयत के लिए. मग मोबाइल खिशात ठेवला आणि म्हणाला, "जो हुआ, दुख है. लेकिन सिस्टम सिस्टम है. कल लाइन पौन घंटा बंद रही." माझ्याकडे पाहिलं. "चढो."

माझे पाय निघाले. खोटं कशाला सांगू? एक पाऊल पुढे पडलंही. सवयच तशी झाली होती. मग मी थांबले. धाडस वगैरे काही आलं नाही. मला फक्त एवढं कळलं की आता चढले तर ते वाक्य म्हणावं लागेल. मेरी वजह से लाइन रुकी. आणि ते वाक्य म्हटलं की लाइन थांबवणं चूक होतं हे ठरेल. म्हणजे तिचा पूर्ण हात जायला हवा होता, हे ठरेल.

"मी नाही चढत," मी म्हटलं. मराठीत. भैयाशी मी कधीच मराठीत बोलले नव्हते.

"क्या?"

"मी नाही चढत. लाइन थांबवली, ते बरोबर केलं."

त्याला राग आला नाही. तो हसला. ते हसू जास्त वाईट होतं. "ठीक है. तो घर जाओ. आराम करो."

"घरी नाही जात. हाकलायचं तर हाकला. पण सगळ्यांसमोर सांगा, कशासाठी हाकललं."

लोकांना वाटतं नाही म्हणणारा माणूस ताठ उभा असतो. मी खोक्यांच्या थप्पीला टेकले होते, नाहीतर पडले असते. भैयाने सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताली. मॅडम के लिए." काही जणींनी वाजवली. नव्या पोरींनी वाजवली, मॅनेजर साहेबांनी वाजवली. काहींनी हात खालीच ठेवले. ज्यांनी वाजवली त्यांच्यावर मला राग नाही. ती टाळी कुठून येते ते मला माहीत आहे.

त्याने मला हाकललं नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली, आणि ती खरी ठरली. संध्याकाळी मॅनेजर साहेब लाइनवर आले. आवाज मऊ. दवाखान्यातून बात पुढे गेलीय, म्हणाले, चौकशीला सरकारी साहेब येणार आहेत. "आपसे पूछेंगे. बस इतना बोलना है, बाही ढीली थी, उसको कई बार टोका था. बाकी भैया सब भूल जाएंगे. नई लाइन लगेगी, वो भी आपके पास आ जाएगी."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो चांगला माणूस आहे. पण या गावात दुकान टाकून बसलेला माणूस आहे.

"हे पाह्य, त्याह्यचं नाव नोको घेऊ," तो म्हणाला. "सोडून दे नोकरी. सांग का आईची तबेत बरी नाही. दुसरीकडे पाहू आपन. भांडून कायले जाऊन राहिली?"

सासूबाई आतून ऐकत होत्या. त्यांना चालणार होतं म्हणे, त्यांना आजारी पाडलं तरी. गजूभाऊची आठवण आली. मुतखडा आठवला. आमच्यातलं प्रत्येक जण असंच खोटं कारण पुढे करून निघून गेलं, आणि मागच्या रिकाम्या जागेवर एक नवीन, न शिकलेली पोरगी उभी राहिली. त्या सगळ्यांनी खरं सांगितलं असतं तर जाळी लागली असती की नाही, मला माहीत नाही. कोणी सांगितलंच नाही, एवढं मला माहीत आहे. मीही नाही.

रविवारी मी रामाकोन्याला गेले. सुनंदाताई ओसरीवर बसलेली होती, हात गळ्यात बांधलेला, पट्टी जाडजूड. तिची सून चहा ठेवायला आत गेली. मी तिला म्हटलं, दुखतंय का. ती म्हणाली, रात्री ठणकते. मग इकडेतिकडे पाहिलं आणि जवळ सरकली.

"बाई, भैया लय रागावले काय वो?"

मी तिच्या गळ्यातली पट्टी सारखी केली.

"लाइन माह्यामुळंच थांबली ना," ती म्हणाली. "मी परत आली तं मले क्रेटवर चढवतीन काय? एका हातानं तं टाळीबी नाही वाजवता येत आता."

ती मस्करी करत नव्हती. विचारत होती. बोटं तोडून घेतलेली बाई मला विचारत होती की तिला शिक्षा काय होणार. मी तिचा चांगला हात धरला. रडायला आलं, रडले. तिला वाटलं मी तिच्या बोटांसाठी रडतेय. ती माझीच समजूत घालू लागली. परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसले, तेव्हा रडणं संपलं होतं.

चौकशीचे साहेब उद्या येणार आहेत. मॅनेजर साहेबांचा फोन आला होता, याद है ना मॅडम, म्हणून. मी म्हटलं, याद आहे. कदाचित ते साहेब आधी वर केबिनमध्ये जातील, चहा पितील. कदाचित माझं कोणी लिहूनही घेणार नाही. नवऱ्याच्या दुकानावर काय येईल, ते आज सांगता येत नाही. मला भीती वाटते. ती जाईल असं वाटत नाही, आणि ती जायची वाट मी बघत बसणार नाही.

मी नोकरी सोडणार नाही. आजारी सासू सांगून तर नाहीच. मला काढावं लागेल, आणि काढताना कारण बोलावं लागेल. साहेबांनी विचारलं की त्या बाईची बोटं कशी गेली, तर बाही, बोल्ट, जाळी, सगळं सांगीन. पण आधी हे सांगीन: बटन हाताशी होतं, आणि आम्ही सगळ्यांनी आधी वर पाहिलं. कोणाकडे पाहिलं, ते विचारतील. मी त्याचं नाव घेईन. तो समोर बसलेला असला तर त्याच्याकडे बघूनच नाव घेईन.